पूजेसाठी बंद केलेला कॉम्प्युटर

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार, सकाळ. ठिकाण: खामगावची एक जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढणारा कारखाना. हजर: तिथले शेठ, त्यांची सून, मुहूर्ताचा कापूस ट्रॉलीत भरून आलेले उंद्रीचे एक काका आणि कॉम्प्युटर बसवणारी मी.

ट्रॉली वजनकाट्यावर चढली की वजन थेट पडद्यावर यायला हवं होतं. आलं, तर काट्याच्या खोलीत सूनबाई बसणार. नाही आलं, तर कॉम्प्युटर परत आणि सूनबाई घरात. शेठनी तसं साफ सांगून ठेवलं होतं.

आदल्या दिवशी वजन नीट येत होतं. सोमवारी पोहोचले, तर कॉम्प्युटर बंद आणि त्यावर हळदकुंकू!

"चालू मशीनची पूजा करतेत का कोणी?" शेठ म्हणाले.

नारळ फुटला. सूनबाईंनी बटण दाबलं. ट्रॉली काट्यावर चढली आणि पडद्यावर अक्षरं आली: परवानगी नाही.

"मामाजी, हा बी परवानगी मागून राह्यला," सूनबाई म्हणाल्या.

"शेठ, कापूस तोलता का त्याचीही पूजा मांडता?" काका ट्रॅक्टरवरून ओरडले.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं! या कॉम्प्युटरवर युनिक्सच्या जातीची प्रणाली होती; तिच्यात जोडलेल्या प्रत्येक यंत्राची एक फाईल असते, काट्याचीही. ती दर वेळी मशीन सुरू होताना नव्याने बनते. ती वाचायची मी काल हाताने दिलेली मुभा पूजेसाठी मशीन बंद केल्याबरोबर पुसली गेली होती. मग मुभा मशीननेच उठल्याउठल्या द्यायला हवी. एका फाईलमध्ये नियम लिहिला: सूनबाईंचं खातं ज्या गटात आहे, त्याला काट्याची फाईल खुली. दुसरीत लिहिलं: सुरू होताना हा नियम लाव.

"आता पुन्हा बंद करा," मी म्हणाले.

"मुहूर्तावर? काऊन?" शेठ भडकले.

"लाईन रोज जाते, शेठजी. आपोआप उठलं तरच खरं."

सूनबाईंनी सासऱ्यांकडे न बघता बटण दाबलं. पडदा काळा झाला; त्यांनी पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला, आणि वजन आलं! काकांनी हॉर्नच वाजवला.

"बस सूनबाई," शेठ म्हणाले. "काटा तुह्या हाती."

त्या खुर्चीत बसल्या, पावतीची कळ दाबली. परवानगी नाही. आता प्रिंटर! सूनबाई खळखळून हसल्या, पावती हाताने लिहिली आणि म्हणाल्या, "याचा नियम मी लिहीन, मॅडम. तुम्ही फक्त पाहा."

माझ्या यादीत तेवढंच उरलं: प्रिंटरचा नियम, सूनबाईंच्या हातून.