पाणीवाल्यांचा प्याला

पाखंडी पंथांची नावं इतर घरांत वर्षानुवर्षं कुणी घेत नसेल. आमच्याकडे ती भाज्यांच्या नावांसारखी रोज निघायची. पप्पा चर्चचे दीक्षा घेतलेले पाळक, पण त्यांचं आयुष्य गेलं ते पाळक होऊ घातलेल्या मुलांना ख्रिस्ती मंडळीचा इतिहास शिकवण्यात. आई गेल्यावर मी त्यांना व्हिजिट व्हिसावर सौदीत, हुफूफला आणलं. मी इथे हॉस्पिटलात नर्स. ड्युटी करून दमून घरी यावं, तर चहाबरोबर दुसऱ्या शतकातलं एखादं भांडण तयार असायचं.

त्यांचा खास राग पाणीवाल्यांवर. हे नाव त्यांनीच वर्गासाठी पाडलेलं. फार जुने ख्रिस्ती लोक हे. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीत, भाकर मोडायचे, पण प्याल्यात द्राक्षारसाऐवजी नुसतं पाणी घ्यायचे. द्राक्षारस म्हणजे सैतानाची करणी, अशी समजूत. मांस वर्ज्य, काहींना तर लग्नही वर्ज्य. आणखी काहींचं कारण निराळंच होतं. छळाचे दिवस, उपासना सकाळची. तोंडाला द्राक्षारसाचा वास आला तर आपण कोण ते शेजारीपाजारी ओळखतील, म्हणून पाणी.

"वासाला भ्यायले," पप्पा म्हणायचे. "प्रभूचा हुकूम द्राक्षारसाच्या प्याल्याचा आहे, तहानेचा नाही."

"आणि तुम्ही सुपरमार्केटचा ज्यूस ओतता तो?" मी चिडवायची.

"द्राक्षांचाच आहे ना? मग झालं."

तो ज्यूस दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या हॉलमध्ये निघायचा. इथे उघड उपासनेला बंदी, म्हणून पडदे ओढलेले, गाणी हळू आवाजात, आणि ओळखीच्या दोन-तीन घरांतली माणसं. गावी आई मनुका भिजवून, उकळून रस करायची. त्यापुढे पप्पांना हा ज्यूस म्हणजे लहान मुलांचं सरबत वाटायचं, पण प्रभुभोजन त्यांनी कधी चुकवलं नाही.

एका गुरुवारी दुपारी ते पोट धरून बसले. आमच्याच हॉस्पिटलात नेलं. आतड्याला पीळ पडलेला, ताबडतोब ऑपरेशन. वय आणि हृदय पाहता काही सांगता येत नाही, असं सर्जननं मला सांगितलं. पप्पांनी ते माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"उद्या पहिला शुक्रवार," ते म्हणाले. "मला आत न्यायच्या आधी प्रभुभोजन दे. मग काय व्हायचं ते होऊ दे."

ऑपरेशनच्या आधी तोंडाने काही द्यायचं नाही. पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर सगळंच संपलं. गुपचूप चहा पाजणाऱ्या नातेवाइकांना मी ज्या आवाजात दटावते, त्याच आवाजात पप्पांना नाही म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मला त्यांचा राग आला. एवढं इतिहासात आयुष्य घालवलं आणि नेमकं आत्ताच, काही देता येत नसताना, माझ्याकडे मागायचं? मी सिंकपाशी जाऊन रडले.

माझ्यासोबत ड्युटी करणारी रायगडकडची नर्स तिथे हात धूत होती. रोज संध्याकाळी तिची नमाजाची वेळ मी सांभाळायची. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ताई, ओठ तर आपण सगळ्यांचेच ओले करतो," ती म्हणाली. "ते कुठं मना आहे? तुम्ही करा, मी बाहेर उभी राहते." तिने कॉटभोवतीचा पडदा ओढला आणि पाठ करून उभी राहिली.

मी जेवणाच्या ट्रेवरची खुब्झ, म्हणजे इथली अरबी रोटी, घेतली. पप्पांनी ती मोडली. "माझ्या वाटची तूच खा," म्हणाले. मी खाल्ली. मग त्यांनी पाण्याच्या कपावर हात ठेवून ते नेहमीचे शब्द पुटपुटले. मी गॉजचा तुकडा भिजवला, पिळला, त्यांच्या ओठांवरून फिरवला. दुपारपासून कोरडी पडलेली त्यांची जीभ बाहेर आली आणि तेवढा ओलावा टिपून आत गेली.

"पप्पा, पाणीच आहे," मी म्हटलं.

"कळलं मला," ते म्हणाले आणि डोळे मिटले. मग त्यांना आत नेलं.

ते वाचले. हट्टी माणसं वाचतात, असं आई म्हणायची ते खरं असावं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ते आमच्या हॉलमध्ये खुर्चीत बसले होते, सदऱ्यात दोन माणसं मावतील इतके वाळलेले. भाकर मोडून झाली. मी ज्यूसची बाटली त्यांच्या प्याल्याकडे नेली, तर त्यांनी प्याल्यावर तळहात ठेवला.

"मला पाणी दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पोटाला ज्यूस चालत नसेल, असं त्यांना वाटलं असणार. मी स्वयंपाकघरातून पाणी आणून ओतलं.

"पाणीवाल्यांची भीती मी शिकवली," पप्पा प्याल्याकडे बघत म्हणाले. "त्यांची चूकही शिकवली. त्यांना तहान लागली असेल, एवढं मात्र कुठल्याच वर्गाला सांगितलं नाही." आणि त्यांनी तो प्याला दोन्ही हातांनी उचलला.