दुसरी गोळी हातानं

मी शिकवते त्या शाळेतली मधली सुट्टी संपत आली होती, तेव्हा फोन आला. पिरंगुटच्या कारखान्यातला पहारेकरी बोलत होता. "ताई, साहेब खुर्चीतच गेले... आमाला कळलंच न्हाई." साहेब म्हणजे माझा थोरला भाऊ, संजयदादा. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर तो तिथल्या फाटकावर नोकरी करायचा. जेवण करून तो केबिनमागे खुर्ची टाकून बसला होता. लोक समोरून येत-जात राहिले. डॉक्टर म्हणाले, जाऊन तास तरी झाला असेल. कुणाला वावगं वाटलं नाही, कारण दादा तसाच बसायचा. जराही न हलता. आज सहा आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही.

आमचं घर मेंढरं राखणारं. दादा खडकावर बसून समोरच्या डोंगरावरचं चुकलेलं कोकरू दाखवायचा, आम्हाला नुसता डोंगर दिसायचा. सैन्यात गेल्यावर ती नजर तिथल्या लोकांनी हेरली आणि त्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीला घातलं. सरहद्दीवरून परतला तेव्हा आमच्या वाडीत फेटा बांधून त्याचा सत्कार झाला. "किती टिपले?" असं कुणीतरी विचारलंच. दादानं फेटा काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि जेवायला बसला.

निवृत्तीनंतरच्या उन्हाळ्यात तो माझ्या भूगावच्या फ्लॅटवर आला होता. बाल्कनीच्या दाराचा बोल्ट अडकायचा, तो काढून, तेल घालून बसवत होता. मी भाजी निवडत होते. दांडा वर उचलून त्यानं मागं ओढला, पुढं सारला, खाली पाडला. मग आपणहून म्हणाला, "आमची रायफल अशीच. बोल्टची. आधी होती तिच्यात दुसरी गोळी आपोआप चढायची. हिच्यात गोळी सुटताना आत कायबी हलत न्हाई, म्हणून नेम पक्का. पण मग दुसरी हातानं आणावी लागती. उचल, मागं ओढ, रिकामं काडतूस भाईर पडतं, पुढं सार, दाब... तेवढ्यात माणसाला इचार येतो."

मी मान वर केली. तो बोल्टकडेच बघत सांगत होता. त्याच्या सोबत दुर्बीण लावून अंतर आणि वारा सांगणारा जोडीदार असायचा, रतन, पहाडातला. दगडांच्या आडोशाला दोघं तीन दिवस पडून होते. सकाळी पलीकडून एक गोळी आली आणि रतन बोलता बोलता थांबला. गोळी कुठून आली ते दादाला दिसलं. त्यानं एकच झाडली. पलीकडचा माणूस पडला. थोड्या वेळानं त्याला ओढून न्यायला दुसरा एक जण सरपटत बाहेर आला.

"मी बोल्ट ओढलेला व्हता," दादा म्हणाला. "तो आपल्या जोडीदाराला न्यायला आल्ता. माझा जोडीदार माझ्या बाजूला व्हता. आन् मी झाडली."

मग अंधार पडेपर्यंत तो रतनच्या शेजारी तसाच पडून राहिला. हलला असता तर दिसला असता.

मी विचारलं, "चहा ठेवू का?" तो म्हणाला, "ठेव." चहा पिऊन त्यानं पाना-पक्कड पिशवीत भरली आणि पौडची बस धरली. तो विषय त्यानं पुन्हा काढला नाही, मीही काढला नाही. आठ वर्षं आम्ही दर सणाला भेटत होतो. विचारता आलं असतं...

गेल्या रविवारी वाडीला गेले होते. वहिनी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कठड्याला बांधलेल्या काठीला जुन्या साडीची बोटभर चिंधी बांधलेली दिसली. मी विचारलं. "त्यांचीच," वहिनी म्हणाली. "रोज सकाळी हितं येऊन वारा बघायचे. कुठून येतो, किती हाय. मग मला सांगायचे, कपडे हिकडं घाल, तिकडं घालू नको." एक चादर तिनं झटकली. "आता सांगायला कोण न्हाई. मीच बघते."

ती खाली गेल्यावर मी बराच वेळ तिथं उभी होते. चिंधी हलत होती, मधेच पडत होती. वारा मुळशीच्या बाजूनं होता, हळू. मग मी वहिनीनं वाळत घातलेली चादर काढली आणि दुसऱ्या दोरीवर घातली.