मास्तर खाकरले की

नीवेसला स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्याकडे जेवायला आली तरी टेबलाखाली तिची टाच हलायची, आणि ताट पुढे येईपर्यंत हातातल्या पावाचा चुरा झालेला असायचा. लहानपणी तिची आई लोरेदाना तिला माझ्या नवऱ्याच्या आखाड्यात घेऊन आली ती त्यामुळेच. मास्तर, हिला कशीतरी दमवा, एवढंच तिचं मागणं होतं. तलवारबाजीशी तिला काही देणंघेणं नव्हतं. पण इतर गावं पोरांना फुटबॉलला जुंपतात तसं आमचं गाव तलवारीला जुंपतं.

माझा नवरा क्विंतो म्हणजेच ते मास्तर. इटलीतल्या मार्के प्रांतातल्या या टेकड्यांमध्ये त्यानं दोन पिढ्यांना तलवार शिकवली. माणूस चांगला, पण जिंकायची हाव दांडगी. आणि लहान मुलांच्या स्पर्धा कशा जिंकायच्या हे त्याला पक्कं ठाऊक. समोरून कोणी अंगावर आलं की मुलं क्षणभर थिजतात. तेवढ्यात लांब झेप घेऊन टोक टेकवायचं, की लागला यंत्रावरचा दिवा आणि मिळाला गुण. झेप नीवेसकडे होती, क्षण ओळखायला क्विंतो होता. सामना चालू असताना बाहेरून बोलायला मनाई. पंचांनी एकदा त्याला सगळ्यांदेखत झापलं, तेव्हापासून तो नुसता घसा खाकरायचा. मास्तर खाकरले की नीवेस झेपावलीच म्हणून समजा. एका रविवारी जेवताना त्याच्या घशात माशाचा काटा अडकला, तो खाकरला आणि ही पोरगी खुर्चीतून अर्धी उठली. आम्ही पोट धरधरून हसलो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

सोळाव्या वर्षी ती तिच्या वयाच्या मुलींमध्ये जगात पहिली आली. चौकात बँड वाजला, पाद्रीबाबांनी प्रवचनात तिचं नाव घेतलं, बारवाल्यानं तिचा फोटो कॉफीच्या यंत्रावर टांगला. जो तो ऑलिंपिकच्या गोष्टी करायला लागला. क्विंतोचे पाय तर महिनाभर जमिनीला लागत नव्हते.

मग ती मोठ्यांत खेळायला लागली आणि हरायला लागली. आधी वाटलं, नवी आहे, होईल सवय. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, पोरगी पहिल्या नाहीतर दुसऱ्या फेरीतच बॅग भरून परत. बारमधल्या रिकामटेकड्यांना विषय मिळाला. कोण म्हणे तिच्या डोक्यात हवा गेली, कोण म्हणे तिचं कुठेतरी सूत जुळलंय. "काय गं, आजही दुपारच्या जेवणालाच घरी परत का?" असं एकानं तिला तोंडावर विचारलं. ती हसली आणि कॉफी अर्धी टाकून निघून गेली. खरं तर ती पूर्वीपेक्षा दुप्पट राबत होती. पहाटे मामाच्या भट्टीतले पाव घरोघर पोचवायची, संध्याकाळी आखाडा. सूत जुळवायला तिला वेळ कुठे होता?

चोविसावं लागलं तेव्हा लोरेदानानं निर्वाणीचं सांगितलं. ती स्वतः कागदाच्या गिरणीत होती, तिथे तिनं मुलीसाठी शब्द टाकला होता. या वर्षी मोठ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेत जागा मिळाली तर खुशाल खेळ, नाही मिळाली तर सप्टेंबरपासून गिरणी. गिरणीची पाळी म्हणजे संध्याकाळचा आखाडा गेला, तलवार संपली. नीवेसनं कबूल केलं. मला लोरेदानाचा राग आला, पण तिचं चुकत होतं असंही म्हणवेना.

त्या वसंतात पेरुजाच्या स्पर्धेला मी गाडी चालवत गेले होते. क्विंतोची नजर अधू झाल्यापासून हे काम माझ्याकडेच आहे. तिथे मी बायकांच्या न्हाणीघरात हात धूत होते आणि शेजारी दोन खेळाडू केस बांधत होत्या. एक दुसरीला सांगत होती, त्या मार्केवालीशी खेळणं सोपं आहे. म्हातारा खाकरला की एक पाऊल मागे सरक, ती झेपावून तोंडावर येते, मग शांतपणे टोच. दुसरी म्हणाली, हे तर सगळ्यांना माहीत आहे.

परतीच्या वाटेवर नीवेस मागच्या सीटवर कानात इअरफोन घालून काहीतरी ऐकत होती, तेव्हा मी हळूच क्विंतोला सांगितलं. तो म्हणाला, "तू आयुष्यात कधी तलवार धरली आहेस का, एर्सिलिया?" घरी आल्यावर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

मग मी नीवेसला भट्टीवर गाठलं. तिला सांगितलं तर ती पाव मोजत राहिली.

"मला माहीत आहे, काकू."

"माहीत आहे? मग झेपावतेस कशाला?"

"ते खाकरले की पाय आपोआप उचलला जातो. मी ठरवते नाही उचलायचा, तरी उचलला जातो."

"मग सांग ना त्याला."

"काय सांगू? मला चालायला त्यांनी शिकवलंय, आता गप्प बसा म्हणू?"

ती गाडीत पाव चढवायला लागली. तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही.

शेवटची निवड स्पर्धा अंकोनाला होती. सकाळपासून कुणाचाच पाय ठरत नव्हता. क्विंतो हॉलच्या कडेनं येरझाऱ्या घालत होता, लोरेदाना जपमाळ काढायची आणि परत पर्समध्ये टाकायची. मी तीन वेळा गाडीचं दार बंद आहे का ते बघून आले. बाद फेरीत नीवेससमोर नेमकी आमच्याच आखाड्यातली तेक्ला आली. पंधरा वर्षांची, क्विंतोची नवी आशा. आमच्याकडे रीत आहे, आपल्याच दोन शिष्यांची गाठ पडली तर मास्तरनं तिथे थांबायचं नाही. क्विंतोनं दोघींच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो कॉफी प्यायला बाहेर गेला. मी मात्र थांबले.

नीवेस झेपावली नाही. सुरुवातीला ती नुसती पुढे-मागे करत राहिली, भांबावल्यासारखी, दोनदा तर तिनं क्विंतोच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग हळूहळू ती वाट बघायला लागली. तेक्लाला जवळ येऊ दिलं, तिचं पातं बाजूला सारलं, टोचलं. परत तसंच. घाई नाही, काही नाही. ज्या पोरीला जेवणाच्या टेबलावर धीर धरवत नव्हता, ती सामन्याच्या अरुंद पट्टीवर आरामात उभी होती. ती जिंकली. मी आनंदात होते आणि त्याच वेळी मला धडकी भरली, कारण क्विंतो आपल्या खुर्चीत बसायला परत येत होता.

पुढच्या सामन्यात जिंकणारीला राष्ट्रीय स्पर्धेत जागा होती. समोर रोमची सालुस्ती, तिशीची, दोन मुलांची आई, नीवेसला तिनं आधी तीनदा हरवलेलं. पहिली तीन मिनिटं सगळं जुन्यासारखंच झालं. क्विंतो खाकरला, नीवेस झेपावली, सालुस्ती एक पाऊल मागे सरकली आणि दिवा तिच्या बाजूचा लागला. पुन्हा खाकरला, पुन्हा तेच. लोरेदाना माझ्या शेजारी बसून पुटपुटली की गिरणीत नीवेसच्या कामाच्या कपड्यांचं माप द्यायला सांगितलंय.

मिनिटभराची विश्रांती झाली. नीवेसनं जाळीचा मुखवटा काढला, क्विंतो पाण्याची बाटली घेऊन उठला आणि अजून लवकर, अजून लांब, असं काहीतरी सांगायला लागला. तिनं बाटली घेतली नाही.

"मास्तर, तुम्ही कॉफी प्यायला जा."

"आत्ताच तर प्यायलो."

"परत प्या. जा तुम्ही, मास्तर. हात जोडते."

तिचा चेहरा रडवेला होता, पण आवाज ठाम होता. क्विंतोनं बाटली खुर्चीवर ठेवली आणि दाराकडे चालू लागला. त्याची चाल मला बघवेना, मी त्याच्यामागे गेले.

बाहेरच्या व्हरांड्यात त्यानं यंत्रातून कॉफी काढली आणि तशीच हातात धरून ठेवली. भिंतीपर्यंत जायचा, परत यायचा. कॉफी त्याच्या बाहीवर सांडत होती. मला त्याची कीव येत होती आणि रागही येत होता, इतक्या वर्षांत हे त्याला स्वतःहून कळू नये याचा.

"तू जाऊन बघून ये," तो म्हणाला.

"मी नाही जाणार. तूही जायचं नाहीस."

दारापलीकडून बुटांचे आवाज येत होते, मध्येच यंत्राचा भोंगा, मग टाळ्या, मग बराच वेळ काहीच नाही. क्विंतोला दोनदा खाकरायला झालं आणि दोन्ही वेळा त्यानं तोंडावर हात दाबला. शेवटी आतून एक किंकाळी आली, लांबलचक, फाटलेली, जिंकलेल्या बाईची. क्विंतो बाकावर मटकन बसला.

"रोमवाली जिंकली," तो म्हणाला.

मी दार ढकललं. पट्टीच्या मध्यावर नीवेस गुडघ्यांवर बसली होती, मुखवटा बाजूला पडलेला, तोंड उघडं, आणि ती अजून ओरडतच होती. लोरेदाना तिच्याकडे धावत होती.

"क्विंतो, ती नीवेस आहे," मी म्हटलं.

तो उठला नाही. कॉफीचा रिकामा पेला हातात फिरवत बसला.

"एवढीशी होती तेव्हापासून शिकवतोय," तो म्हणाला, "आणि तिचा आवाज मला ओळखू आला नाही."