बिनआवाजाची फाईल

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिच्यापासून मी एरवी काही लपवत नाही — निदान तिला तसं वाटतं. पण ही गोष्ट जिभेवर आली की मी पाणी पितो आणि भलतंच काहीतरी बोलायला लागतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे हाही भित्रेपणाच, नाही का?

वडशाला माझं व्हिडिओ शूटिंगचं दुकान आहे. लग्नं, बारशी, आणि थंडीत आमच्या जंगलपट्ट्यात रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटकं. दुकानातल्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे, कायदेशीर फुकट मिळणारी सिस्टिम. मीच टाकलं. बाकीचे चोरीचं सॉफ्टवेअर वापरतात, मी नाही वापरत, हे मी चहाच्या टपरीवर कोणी न विचारता सांगायचो. प्रामाणिक माणूस! आता हा शब्द लिहितानाही तोंड कडू होतंय.

त्या लिनक्सनं मला पार पिळून काढलं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकटचं, आणि वागायचंही फुकट्यासारखंच. अर्धं लग्न जोडून झालं की मुकाट बंद पडायचं. कधी मंगलाष्टकं पुढे धावायची आणि नवरा-नवरी मागे राहायची. अपडेट केलं की स्क्रीन काळी. आणि सगळ्यात संतापजनक म्हणजे — कॅमेऱ्यातली फाईल आत घेतली की चित्र यायचं, आवाज यायचाच नाही. इंटरनेटवर विचारलं तर कोणीतरी शहाणा लिहिणार, आधी सगळ्या फाईली दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलून घ्या. बदलायला घेतल्या की डिस्क भरायची, नाहीतर बदललेल्या फाईलमधून आवाज गळून जायचा. त्या खुर्चीचीच शिसारी आली होती मला. पण सोडायचं तर टपरीवर कोणत्या तोंडानं बसू?

बघा, मी अजून सॉफ्टवेअरच्याच नावानं ओरडतोय. मूळ गोष्टीपासून पळतोय, दुसरं काय.

शकुंतलाबाई. झाडीपट्टीतल्या गाणाऱ्या नटी. त्यांचं नाव पत्रकावर असलं की मंडप भरायचा. त्या हंगामात त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला ऑपरेशन ठरलं, आणि आवाज राहील की जाईल, हे डॉक्टर सांगत नव्हते. त्याआधीचा त्यांचा शेवटचा प्रयोग मी शूट केला. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून वायर थेट कॅमेऱ्यात घेतली होती, म्हणून आवाज एकदम स्वच्छ. आमच्याकडे 'वन्स मोअर' आला की नाटक जागच्या जागी थांबतं, मेलेलं पात्रसुद्धा उठून पुन्हा गातं. त्या रात्री त्यांच्या गाण्याला तीनदा आला. तिसऱ्या वेळी त्यांनी आवाज अगदी खाली आणला आणि पेटीवाल्यानं पेटीवरून हात उचलले. एक शिट्टी वाजली नाही. लोकांनी मोबाइलवर घेतलेल्यात जनरेटरची घरघरच होती, हा खालचा आवाज आलाच नव्हता. तो आवाज फक्त माझ्याकडे होता.

चार दिवसांनी त्या दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाऊ, लोकाइनं माहा आवाज जनमभर आयकला. मले कधी आयकाले भेटला नाई. स्टेजवर पेटीच आयकू येते. दवाखान्यात जाच्या आंधी एक डाव आयकाचा हाये."

मी टायटल-बियटल टाकून देतो म्हणालो. दोनदा हात हलवत परत पाठवलं. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा सॉफ्टवेअर नुकतंच बंद पडून पुन्हा उघडत होतं. बदललेली फाईल लावली होती, आणि पडद्यावर बाईंचे ओठ हलत होते, आवाज नाही. माझं डोकं फिरलेलं. मागे वळूनसुद्धा न पाहता मी म्हणालो, "गेलं, बाई. या सॉफ्टवेअरनं खाल्लं. सगळं गेलं."

खोटं! मूळ फाईल शेजारच्याच फोल्डरमध्ये होती, धडधाकट. साध्या प्लेअरवर लावली असती तर आवाज खणखणीत आला असता. त्यांच्या मोबाइलमध्ये टाकायला चहा प्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नसता. मग का बोललो? माझ्या मशीनला जमत नाही हे कबूल करायचं नव्हतं. आणि ती बाई समोरून जायला हवी होती. बस, एवढंच. इतकं क्षुद्र.

त्या स्टुलावरून उठल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ द्या ना भाऊ. तुमी काऊन जिवाले लावून राह्यले? मशीनले का समजते?"

दुसऱ्या दिवशी 'सापडलं' म्हणून सांगता आलं असतं. सांगणारही होतो — खरंच होतो का? पण संध्याकाळी त्यांच्या नाटक कंपनीच्या मॅनेजरचा फोन आला. त्याचा बल्लारपूरचा भाचा कॉम्प्युटरमधलं पुसलेलं परत काढतो म्हणे, रविवारी त्याला घेऊन येतो. तो येणार, फोल्डर उघडणार, आणि फाईल कधी गेलीच नव्हती हे त्याला दिसणार.

लिनक्समध्ये एक कमांड आहे. ती फाईल नुसती पुसत नाही, तिच्यावर कचरा लिहिते, म्हणजे कोणाच्या बापालाही परत काढता येऊ नये. मी ती टाइप केली. ना हँग, ना एरर. त्या मशीनवर माझं काम पहिल्यांदाच एका झटक्यात झालं. मग कॅमेऱ्यातलं कार्ड राहिलं. ते पुसलं आणि भरेपर्यंत दुकानातला पंखा शूट केला. बाईंच्या आवाजावर पंखा.

रविवारी भाच्यानं खूप खटपट केली. मी त्याला ती बिनआवाजाची फाईल दाखवली — बघा, एवढंच उरलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरं पाणी. मॅनेजरनं मलाच धीर दिला. आठवलं की किळस येते.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाजही गेला. आता शकुंतलाबाई नुसत्या श्वासावर बोलतात. एकदा बाजारात कोणीतरी माझ्या नावानं बोटं मोडत होतं. त्यांनी त्याला थांबवलं, आणि शेजारच्या दुकानावर मला ऐकू आलं, "भाऊचा दोष नाई. मशीननं खाल्लं." मी खाली मान घालून वांगी निवडत राहिलो. चांगली बघून अर्धा किलो घेतली.

आता सॉफ्टवेअर सुधारलंय. नवीन अपडेटपासून कुठलीही फाईल टाका, आवाज येतो. मी ती बिनआवाजाची फाईलही टाकून पाहिली. त्यांचं तोंड उघडतं, पेटीवाला हात उचलतो, आणि खाली आवाजाची जागा रिकामी.

काल शकुंतलाबाई माझ्या दुकानावरून जात होत्या. हातानंच विचारलं, कसं काय चाललंय?

मी म्हणालो, "चांगलं चाललंय, बाई. आता मशीन काही त्रास देत नाही."