पोटाला सोसेल असं काही

परवा लेकीकडे जळगावला गेले होते. तिच्या घरासमोर कुत्र्यामांजरांच्या सामानाचं नवं दुकान निघालं आहे. तिला काहीतरी घ्यायचं होतं, म्हणून मीही मागोमाग आत शिरले आणि दारातच तो वास आला. सुकं मांस, भाजलेलं पीठ आणि वरून थोडा औषधाचा दर्प, असा मिसळलेला, घशाशी येणारा वास. भिंतभर पाकिटं रचलेली आणि प्रत्येकावर एकेक गुबगुबीत, तुकतुकीत कुत्रा, जन्मात कधी ओकला नसेल असा. गल्ल्यापाशी एक मुलगी दुकानदाराला अजिजीनं विचारत होती, "पोटाला सोसेल असं काही आहे का हो? आमच्या ह्याला काहीच पचत नाही." फरशी पुसून पुसून थकलेल्या माणसाचा आवाज मला ओळखता येतो. तिच्याजवळ जाऊन दोन शब्द बोलावेत असं वाटलं, पण बाहेर येऊन उन्हात उभी राहिले.

आई गेली त्या हिवाळ्यात नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मी साक्रीकडच्या आमच्या गावाहून धुळ्याला घेऊन आले. मी एकुलती एक, त्यामुळे दुसरं कोणी न्यायला येणार नव्हतं. नाना एक पिशवी आणि आईचा कुत्रा घेऊन आले. तांबूस रंगाचा, गावठी, एक कान कायम दुमडलेला. आईनं त्याला नाव असं ठेवलंच नव्हतं. नानांना ती 'अहो' म्हणायची आणि त्याला 'अरे', आणि दोघंही आपापल्या हाकेला बिनचूक यायचे. आता हाक मारणारीच नव्हती. दोघं गॅलरीत बसून रस्त्याकडे बघत राहायचे, एक खाटेवर, एक खाटेखाली.

तिसऱ्याच दिवशी कुत्र्याचं पोट बिघडलं. मी त्याला दुधात भाकरी कुस्करून घातली होती. खेड्यातला कुत्रा, त्याला आणखी काय लागणार, असा माझा हिशेब. त्यानं ती खाल्ली आणि तासाभरात सगळी बाहेर काढली. मग दूध बंद करून नुसती पोळी दिली, मग वरणभात, मग उकडलेलं अंडं. काहीच टिकेना. ओकणं नाही तर जुलाब, कधी दोन्ही. मी तेव्हा पोस्टात नोकरीला होते. सकाळी स्वयंपाक, डबे, मग गॅलरी धुणं, फिनेलच्या वासातच चहा पिणं आणि तसंच धावत ऑफिस गाठणं. संध्याकाळी दार उघडताना आधी नाक पुढे करायचं आणि आत काय वाढून ठेवलंय ते ओळखायचं. आईसाठी रडायला म्हणून मी थोडी रजा शिल्लक ठेवली होती. ती सगळी त्या फरशीवर गेली.

शेवटी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. भला माणूस होता. त्यांनी पोट चाचपलं, विष्ठा तपासायला घेतली, जंताचं औषध दिलं आणि विचारलं, "आधी काय खायचा हा?"

मी नानांकडे बघितलं. नाना समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"घरचंच," ते म्हणाले.

"घरचं म्हणजे नेमकं काय?"

"ती घालायची," नाना म्हणाले.

मला एकदम आठवलं, दीड महिन्यापूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांसमोर आम्ही असेच बसलो होतो. आईच्या पोटातलं दुखणं खूप पुढे गेलं होतं. "किती वर्षांपासून त्रास होता यांना?" असं त्यांनी विचारलं, तेव्हाही नाना असेच भिंतीकडे बघत म्हणाले होते, "त्रास? त्रास काही नव्हता." आणि मी मान डोलावली होती. मलाही तसंच वाटत होतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, एका वेळी एकच पदार्थ द्या, तोही बिनतिखटाचा, बिनतेलाचा. आठ-दहा दिवस तोच ठेवा, आणि बदल करायचा तर चमच्याचमच्यानं करा. मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायला लागले. मऊ भात आणि उकडलेली कोंबडी, चार दिवस बरी गेली, पाचव्या दिवशी नाही. मग ते पाकीट आणलं, नाजूक पोटासाठी म्हणून खास बनवलेलं. पाण्यात भिजवून दिलं तर त्यानं वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या. आमचे हे एकदा जेवताना हळूच म्हणाले, "गावाला परत सोडून यायचं का? शेजारचे बघतील." नानांचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून त्यांनी आपली खाट भिंतीला सरकवली, घरात आपण किती जागा अडवतो ते मोजत असल्यागत. बाप आणि कुत्रा, दोघांनाही मी जड झालेल्या हातांनी वाढत होते, आणि ते दोघांनाही कळत होतं.

एका रविवारी मी गावाकडच्या शेजारीण अक्कांना फोन लावला. हात भाजीत असल्यामुळे स्पीकर चालू होता. नाना ओट्याशेजारीच लसूण सोलत बसले होते. मी विचारलं, "अक्का, आई त्याला खायला काय घालायची हो?"

"भगर, आखो काय!" अक्का म्हणाल्या. "आळणी भगर शिजाडे, गंगाफळनी एक फोड टाकीसन. अर्धी सोता खाये, अर्धी त्याले दे."

गंगाफळ म्हणजे लाल भोपळा. मी म्हटलं, "हो, आईचे उपास फार असायचे."

पलीकडे अक्का आवाज खाली आणून म्हणाल्या, "कसाना उपास व माय! तिले तिखट सोसेच नही. किती वरीस व्हयनात. घास गया का पोटमा आग पडे. बठ्ठा लोकसले वाटे उपास शे. मले म्हने, कोनले सांगू नको, उगा जीवले घोर. आते ती गई, म्हनीसन तुले सांगस."

मी फोन कधी ठेवला ते मला आठवत नाही. नानांच्या हातातली पाकळी तशीच होती. मग ते बोटांवर मोजू लागले. "सोमवार. गुरुवार. शनिवार. एकादशी, चतुर्थी. मी लोकांना सांगायचो, आमच्या घरात देवाचं फार आहे. सांगायचो ना गं मी?"

"सांगायचात," मी म्हटलं.

मला माझंच आठवत होतं. आई धुळ्याला आली की मी हौसेनं शेवभाजी करायचे, वर तर्रीचा लाल थर, आणि ती ताटावर बसता बसता म्हणायची, "अगं, आज उपास आहे मला." मी चिडायचे. आधी का नाही सांगितलं म्हणायचे, आणि पाय आपटत तिच्यासाठी हिरव्या मिरचीचे साबुदाणावडे तळायचे. ती एक खायची. छान झालाय म्हणायची. मग मोरीत जाऊन बराच वेळ चूळ भरत राहायची. इतक्या वर्षांत त्या चुळा मी कितीदा ऐकल्या असतील. नळ बंद कर गं, पाणी वाया जातंय, एवढंच मी बाहेरून ओरडले होते.

त्या दुपारी भगर शिजवली. मीठ नाही, फोडणी नाही, भोपळ्याची फोड ठेचून त्यात कालवली. कोमट झाल्यावर नाना स्वतः ताटली घेऊन गॅलरीत गेले आणि खाली वाकून म्हणाले, "अरे." आईची हाक नानांच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होती, जाडीभरडी आणि अवघडलेली. कुत्रा उठला. त्यानं नानांकडे बघितलं, ताटलीकडे बघितलं आणि खाऊ लागला. सगळं संपवून ताटली चाटली. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसलो. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पुढे डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्यात अंड्याचा पांढरा भाग चमच्याचमच्यानं वाढवला, आणि होळीपर्यंत त्याच्या अंगावर पुन्हा तांबूस तकाकी आली.

होळीच्या आधी एकदा, थंडी सरत आली असताना, मी गॅसवर भरिताची वांगी भाजत उभी होते. माझ्या सासरी भरितावाचून हिवाळा जात नाही. आमच्या ह्यांना तर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि भरीत दिलं की दुसरं काही नको असतं. नाना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. इकडेतिकडे बघितलं, घसा साफ केला आणि विचारलं,

"तुला काय सोसत नाही गं?"

मी हसून म्हणणार होते, मला सगळं सोसतं. जिभेवर आलंही होतं. पण त्या म्हाताऱ्या चेहऱ्यावर असं काही होतं, की खोटं बोलवेना. सत्तरी उलटलेल्या माणसानं शाळेत पहिल्यांदाच हात वर करून प्रश्न विचारावा तसे ते उभे होते.

"वांगं," मी म्हटलं. "अंगाला खाज सुटते. ओठ सुजतात थोडे."

बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र खाली आल्याचा आवाज झाला. "सव्वीस वर्षांत कधी बोलली नाहीस," आमचे हे म्हणाले. त्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मी काय सांगणार? कोणी विचारलं नाही हे खरं, पण मीही कधी सांगितलं नाही, हेही तितकंच खरं. पानात घ्यायचं, बाजूला सारायचं, आज भूक नाही म्हणायचं. आईकडून काय काय शिकले याची यादी मी लोकांना कौतुकानं सांगत आले. हे त्यात कधी नव्हतं, आणि सगळ्यात नीट तेच शिकले होते.

नाना त्यानंतर तीन वर्षं होते. जेवायला बसलं की माझ्या ताटात डोकावायचे आणि मी खरंच जेवते आहे ना ते बघायचे. त्यांच्या मागोमाग वर्षाच्या आत तो कुत्राही गेला, म्हातारपणानं, निवांत झोपेत. घर आता फार स्वच्छ असतं. माणसं एकमेकांना जन्मभर वाढतात आणि समोरच्याच्या पोटात काय पेटलंय ते मात्र एखाद्या मुक्या जनावरालाच ठाऊक असतं, या विचाराचं मला आताशा दुःखही होत नाही, फक्त दमल्यासारखं होतं. माहेरी आलेली लेक कधी म्हणाली, "आई, मला आज भूक नाही," तर मी हातातलं काम ठेवते आणि तिच्याजवळ जाऊन बसते. ती काही सांगतेच असं नाही. मी बसून राहते.