लॅमिनेशन केलेली शिफारस

इंग्रजीचे दोन शब्द सांभाळले की ऑफिसातली नोकरी निभते, असं मी नव्या कारकुनांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. अर्जावर 'रेकमेंडेड' आलं तर साहेबांना पटलं, इतकंच. कागद अजून वर जायचा आहे. 'अप्रूव्हड' आलं तर काम झालं. हे दोन शब्द मी इतकी वर्षं वेगवेगळ्या फायलींत लावले आणि कधी चुकलो नाही.

वहिनी मंचेरियलकडे मास्तरीण. दादा इथे मावल्याला माझ्याजवळ, कारण त्याच्या किडन्या गेल्या होत्या आणि डायलिसिसला मीच नेत होतो. ती शनिवारी यायची, सोमवारी पहाटे जायची. उरलेले दिवस ती जवळ असावी, एवढंच दादाला हवं होतं. तिच्या बदलीचा अर्ज आमच्याच ऑफिसातून हैदराबादला जायचा होता. साहेबांनी त्यावर लिहिलं, 'रेकमेंडेड'.

मी झेरॉक्स घेऊन घरी आलो. दादा पडून होता.

"काय लिवलं रे साहेबानं?"

"मंजूर झालं," मी म्हणालो. त्याचा चेहरा पाहून दुसरं काही बोलायला माझी जीभ वळली नाही. तो हसला.

दुसऱ्या दिवशी त्याने झेरॉक्सचं लॅमिनेशन करवून आणलं. आजोबांचा जन्म सालदारकीत, दुसऱ्याच्या शेतात राबण्यात गेला, त्यांना कुणी कधी कागद दिला नाही. म्हणून आमच्या घरी सरकारी सहीचा प्रत्येक कागद बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीवर लागतो.

पुढच्या आठवड्यात इथून जवळच्याच गुडीहत्नूरची एक शिक्षिका घरी आली. तिला मंचेरियलकडे जायचं होतं. आपसात बदली करून घेऊ, म्हणाली. दोघी राजी असल्या की असा कागद सहसा अडत नाही. दादाने भिंतीकडे बोट दाखवलं. "आमचं तं मंजूर होऊन गेलं, बाई. तुमी दुसरी पाहा."

मी तिथेच चहा घेऊन उभा होतो. चहा झाल्यावर गाडीवर बसवून तिला बसस्टँडला सोडून आलो.

अर्ज नामंजूर होऊन परत आला, तोवर त्या बाईला दुसरी जोडीदार मिळाली होती. मी घरी सांगितलं नाही. दादा रोज विचारायचा, "ऑर्डर कवा येते रे?" मी म्हणायचो, "टाइप होऊन राह्यली." एका मंगळवारी दुपारी तो गेला. वहिनी तेव्हा तिकडे वर्गावर होती.

दादाच्या पुण्यानुमोदनाला आलेली माणसं जेवून गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती ओरडेल. तिने भिंतीवरचा कागद काढला, पदराने पुसला.

"रेकमेंडेड हाय, हे म्या पयल्याच शनिवारी वाचलं होतं, भाऊजी. पण तुमी मंजूर म्हणलं. मले वाटलं, ऑफिसातलं तुमालेच जास्त समजते."

कागद माझ्या हातात देऊन ती ताटं उचलायला गेली.