मखरामागचा समुद्र

माझी मुलगी ब्रिस्टलला राहते आणि चित्रं काढते. इथे कुवेतमध्ये, आमच्या फिंतास भागातल्या मराठी बायकांना मी ‘ती डिझाइनमध्ये आहे’ असं सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न टळतात. तिच्याकडे गेलो होतो तेव्हा तिने दिवसभर आम्हाला भिंती दाखवत फिरवलं. त्या गावात अख्ख्या इमारतींवर चित्रं रंगवलेली असतात. मी प्रत्येक भिंतीपुढे उभी राहून फोटो काढून घेतला आणि विचारलं, “हे सगळं पुसतं कोण?” ती तिथल्याच एका पायरीवर बसली. मला वाटलं, थकली असेल.

गेल्या उन्हाळ्यात ती कुवेतला आली आणि हॉलच्या खिडकीशी बसून तिने चादरीएवढा कॅनव्हास रंगवला. समोरचाच समुद्र, पण धुळीच्या दिवसातला. होडी नाही, माणूस नाही, नुसता पिवळट करडा रंग. “गुंडाळून ठेव आई, नंतर मागवेन,” म्हणाली. मी तो कपाटामागे उभा केला.

मग गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. दार बंद, आरती दबक्या आवाजात, विसर्जन बादलीत. मखराच्या मागे लावायला काही मनासारखं मिळेना, तेव्हा मला तो कॅनव्हास आठवला. साधाच रंग, त्यावर फुलं छान उठून दिसतील, असा माझा हिशेब. डबल टेपने मी त्यावर कागदी कमळं चिकटवली. आलेल्या बायकांनी सजावटीचं तोंडभरून कौतुक केलं आणि मी ते घेतलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, आमच्याकडे तर ते ओळखूही आलं नाही. दुसऱ्या दिवशी कमळं काढली तर टेपबरोबर रंगही निघाला. जिथे जिथे कमळ होतं तिथे पांढरा कॅनव्हास दिसायला लागला.

थोड्या दिवसांनी तिचा फोन आला. “आई, गॅलरीने तेच पेंटिंग सिलेक्ट केलंय. माझा पहिला शो आहे. कुरिअर करशील?”

“अगं, त्यावर एसीचं पाणी गळलं,” मी म्हणाले. कसं सुचलं देव जाणे.

शुऐबाच्या कारखान्यातून ड्यूटी करून आलेल्या ह्यांनी सोफ्यावरून मान वर केली. मी तिकडे पाहिलं नाही. फोनवर ती म्हणाली, “इट्स ओके, आई. तू रडू नकोस. आहे तसं पाठव.”

मी रडत नव्हते. फोन ठेवल्यावर रडले.

“खरं सांगायचंस ना,” हे म्हणाले.

“काय सांगू? तुझं चित्र मला पडदा वाटला म्हणून?”

हे चहा ठेवायला उठले. चोराच्या मनात चांदणं, तसं माझं झालं. एसीवाला सर्व्हिसिंगला आला तरी मी त्याची नजर चुकवत होते. बिचाऱ्या एसीने एक थेंब गाळला नव्हता.

शो सुरू झाला तेव्हा तिने व्हिडिओ कॉलवर गॅलरी दाखवली. आमचा समुद्र तिथे एकटा टांगलेला होता. पांढरे डाग तिने तसेच ठेवले होते, आणि दोघंजण वाकून तेच बघत होते. खाली एक कार्ड होतं. तिने मला मराठीत वाचून दाखवलं: ‘कुवेतच्या घरात आईच्या एसीचं पाणी या समुद्रावर गळलं.’ खाली तिचं नाव.

“लोकांना हे फार आवडतंय,” ती म्हणाली.

मला पुढे ऐकवेना. रेंज नाही असं सांगून मी फोन ठेवला, म्हणजे आणखी एक खोटं. मग कशी कोण जाणे, फॅमिली ग्रुप उघडून मी तेव्हा टाकलेल्या गणपतीच्या फोटोपर्यंत मागे गेले. मूर्तीच्या मागे कमळं, कमळांच्या मागे समुद्र, अगदी स्वच्छ दिसतोय. त्याखाली तिने टाकलेला जोडलेल्या हातांचा इमोजी, त्याच दिवशीचा. म्हणजे फोन केला तेव्हाच तिला कमळांचं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी एवढंच विचारलं, “कार्डावर तसं का लिहिलंस गं?”

“तू सांगितलंस तेच लिहिलं, आई,” ती म्हणाली, आणि जेवलीस का म्हणून विचारायला लागली.